पोहोचल्याचा शिक्का

अमेरिकेत राहणारा माझा भाचा मागच्या सुट्टीत एक छोटी वही घेऊन आला. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांची ही ‘पासपोर्ट’ वही १९८६ साली निघाली. उद्यानात गेलं की आपल्या हातानं वहीत गोल शिक्का मारायचा. त्यावर उद्यानाचं नाव नि तारीख. “मामू, हे बघा, ग्रँड कॅन्यन!” तो पानं उलटत होता आणि मला अब्बांची पोस्टकार्डं आठवत होती.

अब्बा बांगड्या विकायचे. रामनवमीला शिर्डीच्या यात्रेत त्यांचं दुकान ठरलेलं. ही यात्रा मुळात उरूस. गोपाळराव गुंड यांनी १८९७ मध्ये तो सुरू केला आणि दिवस धरला रामनवमीचा! पुढे त्यात संदलची मिरवणूकही आली.

शिर्डीला पोहोचल्यावर अब्बा आधी कार्ड टाकत, मग दुकान मांडत. मजकूर पेन्सिलीनं, दोन ओळींचा. अम्मीला वाचता येत नसे. ती फक्त छापील तिकिटावरचा काळा गोल शिक्का बघे. शिक्का आहे, म्हणजे माणूस पोहोचला.

आपण तिथे जाऊन आलो, याची खूण घरी आणण्याची हौस तशी जुनीच. द्वारकेचे यात्रेकरू दंडावर शंखचक्राच्या तापलेल्या मुद्रा उमटवून घेत. (ऐकूनच अंगावर काटा येतो!) जपानात शिकोकू बेटावर ८८ देवळांची परिक्रमा करणारे वहीत प्रत्येक देवळाचा लाल शिक्का घेतात. साईबाबांनी आपल्या मशिदीला द्वारकामाई म्हटलं, पण तिथली खूण म्हणजे धुनीतली उदी. तिच्यावर ना गावाचं नाव, ना तारीख. तारखा हव्या असतील तर दादासाहेब खापर्डे यांची रोजनिशी पाहावी. १९११-१२ मध्ये ते तीन महिने शिर्डीत होते. कोण आलं, कोण गेलं, रोज टिपत होते.

एका वर्षी अवकाळी पावसात कार्ड भिजलं, शिक्का धुऊन गेला. पेन्सिलीची अक्षरं शाबूत होती. मी दोनदा मोठ्यानं वाचून दाखवली, पण अम्मीचं समाधान होईना. दुपारच्या प्रत्येक एसटीला ती मला स्टँडवर पिटाळी. चौथ्या दिवशी अब्बा रिकामी पेटी घेऊन उतरले, तेव्हा कुठे तिनं ते कार्ड बाकीच्या कार्डांत ठेवलं.


भाच्याला मी तेच आधी दाखवलं.