राजापूरचें नुकसान व कंपनीच्या वह्या

इ. स. १६६१ त शिवाजीमहाराजांनीं राजापूरची इंग्रज वखार लुटली. पन्हाळ्याच्या वेढ्यांत इंग्रजांनीं सिद्दी जोहरास तोफगोळे पुरविले, हें त्याचें कारण प्रसिद्धच आहे. नवल आहे तें पुढचें. कैदेंत पडलेला वखारवाला रेव्हिंग्टन सुटकेनंतर लवकरच वारला. पण कंपनीचा दावा त्याच्याबरोबर मेला नाहीं. मसलतीचे ठराव वहींत लिहावे, बाहेर जाणाऱ्या पत्राची नक्कल ठेवावी, विलायतेच्या पत्राच्या प्रती निरनिराळ्या जहाजांनीं रवाना कराव्या, असा सुरतकर इंग्रजांचा शिरस्ता असे. एक जहाज बुडालें तरी मजकूर बुडत नसे; वखारवाला बदलला तरी नवा मनुष्य मागील वही उघडून तोच तगादा पुढें चालवी. म्हणूनच १६७४ त राज्याभिषेकप्रसंगीं रायगडीं आलेल्या हेन्री ऑक्झेंडन यास १३ वर्षांपूर्वींची भरपाई मागतां आली, व १०,००० होन कबूल झाले.

पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें १९३१ त शिवकालीन इंग्रजी पत्रव्यवहार छापिला, तो याच वह्यांच्या जोरावर. मात्र हे कागद व्यापाऱ्यानें आपलीं येणीं वसूल व्हावीं म्हणून राखिले होते. त्यांत महाराज वारंवार भेटतात ते ऋणको म्हणून.