जुनापाणीची दगडी वर्तुळे

नांदेड-लातूरकडच्या मंडळींनो, कधी नागपूरला गेलात तर काटोल रस्त्याने थोडे पुढे जाऊन जुनापाणी जरूर पाहा. माळावर काळे धोंडे गोल मांडलेले दिसतील. वाटेल, गुराख्यांनी वाडगे घातले असेल. पण या आहेत लोहयुगातल्या माणसांच्या कबरी, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या. अशी सुमारे ३०० वर्तुळे तिथे आहेत.

रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांची हकीकत छापली. पुढे १९६१-६२ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले. आत निघाली लोखंडी हत्यारे, मडकी, आणि घोड्याची हाडे! नागपूरजवळच्याच माहूरझरीला तर घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे दागिने मिळाले. आपण पोळ्याला बैल सजवतो, तसाच हा घोडा सजवून पुरलेला. माणसाचा त्याच्यावर जीव असणार, दुसरे काय?

काही धोंड्यांवर लहान खळगे कोरलेले आहेत. मास्तर, मुलांना ते मोजायला लावा. खळग्यांचे धोंडे कोणत्या दिशेला आहेत, यावरून संशोधक काही अर्थ लावू पाहतात. म्हणून घराच्या पायाला म्हणून असा एक धोंडा कुणी उचलून नेला, की घर उभे राहते, पण त्या धोंड्याची दिशा कायमची गेली.