खिशातली पोथी

ठाण्याहून वाशीकडे निघालेली लोकल ऐरोलीला थांबते. २००४ सालच्या नोव्हेंबरात या मार्गावर उतारूंची वाहतूक सुरू झाली. खाडीकाठच्या जुन्या आगरी-कोळी गावाभोवती सिडकोने वसाहत वसवली होतीच. पुढे संगणक कंपन्यांच्या इमारती उठल्या. आज या गाडीत बसलात तर बघा, बहुतेकांची मान खाली आणि हातात फोन. त्यांतला एखादा कादंबरीही वाचत असतो बरे का! शेजाऱ्याला मात्र त्याचा पत्ता नसतो.

योगायोग असा की, त्याच २००४ साली जपानात सोनी कंपनीने निव्वळ पुस्तके वाचण्यासाठी एक यंत्र विकायला आणले. त्याचा पडदा वेगळ्या जातीचा होता. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपीत काळे आणि पांढरे कण. विजेच्या इशाऱ्याने काळे वर आले की अक्षर उमटते. एकदा उमटले की ते तसेच राहते, वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना. म्हणून हे यंत्र एका चार्जिंगवर कित्येक दिवस चालते, आणि भर उन्हात, खळ्यावर बसूनसुद्धा, कागदासारखे स्वच्छ वाचता येते. फोनचे उलटे आहे. त्याचा पडदा स्वतःच्या उजेडाने दिसतो आणि उन्हात फिका पडतो. शिवाय वाचताना मध्येच कुणाचा तरी निरोप टिणटिणतो, तो वेगळाच.

मग इतके सोयीचे यंत्र आपल्याकडे घरोघर का गेले नाही?

थोडे मागे जाऊ. गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी पंचांग छापले ते एकोणिसाव्या शतकात. छपाईच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील कागदाला शिवत नसत. तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, असे सांगतात. त्या काळी पुष्कळ पोथ्या छापल्या गेल्या त्याही आडव्या, सुट्या पानांच्या. साधन नवे, पण रूप जुने ठेवले की माणूस बिचकत नाही. हे वाचनयंत्रही तसेच आहे. कागद नसून ते कागदाचे सोंग घेते, आणि माझ्या मते ते सोंग छान वठले आहे.

त्याची अडचण निराळी होती. ॲमेझॉनचे किंडल अमेरिकेत २००७ साली आले, भारतात त्याचे पुस्तकांचे दुकान उघडले २०१२ साली, आणि त्या दुकानात मराठी पुस्तके रीतसर आली ती २०१६ च्या डिसेंबरात. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली होती. तिचा मोठा कारभार ऐरोलीपासून दोन स्टेशने पुढे, घणसोलीजवळच चालतो. इंटरनेट स्वस्त झाले, फोन खेडोपाडी गेला. म्हणजे वाचनयंत्र मराठी शिकले तोवर फोन दारात येऊन बसला होता! त्यातून एका वाचनयंत्राच्या किमतीत साधा स्मार्टफोन येतो. त्यावर बोलणे होते, पैसे पाठवता येतात, बाजारभाव कळतो. शेतकऱ्याने कोणते घ्यावे, हे का सांगायला हवे?

पण गुरुजी, खरी गोम पुढेच आहे. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा बालभारतीची पुस्तके मुलांनी वडिलांच्या फोनवर उघडली. ती होती पीडीएफ, म्हणजे छापील पानाची हुबेहूब प्रत. मोठे पान वितीएवढ्या पडद्यावर आले. अक्षर मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर पळते. ती बोटाने ओढत वाचायची, पुन्हा मागे यायचे, तोवर आधीचा शब्द विसरतो. हीच प्रत लहान वाचनयंत्रावर घातली तरी हाल तेच.

मराठीत हे दुखणे जास्त, त्यालाही कारण आहे. आपले छापखाने वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या फाँटांवर जुळणी करीत आले. त्या जुन्या फाँटांतला मजकूर दुसरीकडे नेला की अक्षरांचा काला होतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण जुनी पुस्तके त्यात आणणे म्हणजे पुन्हा मुद्रिते तपासणे आले. त्यापेक्षा पानाची प्रत काढणे सोपे, म्हणून पीडीएफचा सुकाळ. ई-पुब नावाच्या प्रकारात मजकूर पाण्यासारखा वाहतो: अक्षर वाढवले की ओळ आपली खाली वळते. मग यंत्र फोन असो की किंडल, वाचणाऱ्याला फारसा त्रास नाही.

साने गुरुजी १९५० साली गेले. कायद्याप्रमाणे साठ वर्षे उलटली, आणि २०११ पासून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेली ‘श्यामची आई’ कोणालाही छापायला, फोनवर द्यायला मोकळी झाली. तुमच्या वर्गात ती फोनवर आली असेल तर एक करून बघा. अक्षर दुप्पट करा. ओळ खाली वळली तर ठीक. बाहेर पळाली, तर युनिकोडमध्ये टंकलेली प्रत शोधा. नाही मिळाली तर वरच्या वर्गातल्या दहा मुलांना एकेक प्रकरण वाटून द्या, फोनवरच टंकू देत.