शीर जाळली, की बुजवली?

पलूसच्या मावशीच्या पायाची शीर पहिल्यांदा 'जाळली', तेव्हा तिनं गल्लीभर सांगितलं होतं. चार वर्षांनी त्याच पोटरीवर पुन्हा निळसर गाठी उठल्या, घोट्याजवळची कातडी काळवंडली. शिरांची डॉपलर तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी परत लेसर सुचवलं. मावशी मला म्हणाली, "जाळली म्हनं! मग राखंला पालवी कशी फुटली रं?"

प्रश्न बिनतोड होता. चूक उपचाराची नव्हती, शब्दाची होती.

'शीर' संस्कृत 'सिरा'तून आली. चरकसंहिता तिची फोड 'सरणे' या क्रियेवरून करते: सरते ती सिरा, आणि भात्यासारखी फुंकते ती धमनी. ऋग्वेदात सिरा म्हणजे नुसता प्रवाह. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी शोधायच्या खुणा दिल्या, तिथं भूगर्भातल्या झऱ्यांनाही त्यानं शिराच म्हटलं. विहिरीचा झरा आणि पोटरीतली शीर अशा एका नावाच्या. 'नस' वेगळ्या घरची. तिचं मूळ 'स्नसा', म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी. म्हणून चढते, दबते, आखडते ती बहुधा नस असते आणि फुगते ती शीर. वाईच्या मराठी विश्वकोशात फुगलेल्या शिरांच्या या दुखण्याला 'अपस्फीत नीला' म्हणतात. शब्द देखणा आहे, पण दवाखान्याच्या बाकड्यावर तो कुणाच्या तोंडी येत नाही.

झऱ्याचं नातं मला फार मोलाचं वाटतं, कारण या आजाराचं मर्म पाण्यावरूनच कळतं. पायातलं रक्त वर हृदयाकडं चढवायचं असतं. ते खाली घसरू नये म्हणून शिरेत झडपा असतात. किर्लोस्करवाडीच्या पंपांच्या मुलखात हे लगेच समजतं. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाला फूट व्हॉल्व्ह असतो, शेतकरी त्याला सरळ 'फुटबॉल' म्हणतात. तो गळायला लागला की चढलेलं पाणी पुन्हा विहिरीत. मावशीनं द्राक्षबागेत तीस वर्षं मांडवाखाली हात वर करून, उभ्यानं विरळणी केली. तिच्या पायातले फुटबॉल गळायला लागले होते.

आता 'जाळणे'. सुश्रुतानं अग्निकर्माला क्षारापेक्षा वरचं स्थान दिलं, कारण अग्नीनं बरा केलेला रोग पुन्हा उद्भवत नाही. त्याचा शब्द 'अपुनर्भाव'. केवढं मोठं आश्वासन! 'शीर जाळली' म्हणताना तेच आश्वासन आपण नकळत देतो आणि ऐकणारा ते धरून बसतो.

प्रत्यक्षात राख कुठंच होत नाही. सुईच्या भोकातून बारीक तार शिरेत सरकवतात. लेसरसारखीच उष्णता वापरणाऱ्या रेडिओफ्रिक्वेन्सीच्या एका पद्धतीत तिचं टोक सुमारे 120 अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, एका टप्प्याला 20 सेकंद. उष्णतेनं शिरेची भिंत आकसते, आतून चिकटते आणि पुढच्या काही महिन्यांत तिची दोरी होऊन ती विरत जाते. रक्त शेजारच्या धडक्या शिरांतून वर जातं. पण कधी चिकटलेली वाट पुन्हा मोकळी होते, कधी पहिली बंद असूनही तिची शेजारीण फुगते. मग पुन्हा सुई, पुन्हा उष्णता.

याला आपल्याकडं नेमका शब्द आहे: बुजवणे. कानाचं टोचलेलं भोक बुजतं, जखम बुजते, शेतातला पाट बुजवतात. आणि बुजवलेला पाट पाण्याच्या जोरानं फुटू शकतो, नाहीतर पाणी बाजूनं दुसरी वाट काढतं, हे पलूसच्या कुणालाही सांगावं लागत नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी 'शीर बुजवू' म्हटलं असतं, तर दुसऱ्या खेपेला मावशीला फसल्यासारखं वाटलं नसतं.

मी तिला हे पाटाच्या भाषेत सांगितलं. ती बराच वेळ पोटरीवरच्या गाठीवर बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "म्हंजे वरचा पाट बुजला, खालचा फुटलाय. असं सांगायचं की आधी." आणि डॉपलरचा कागद घडी घालून पिशवीत टाकला, तारीख विचारायला.