वाघदेवाची साक्ष

पेठ आणि सुरगाणा हे नाशिक जिल्ह्याचे पश्चिमेकडील डोंगराळ तालुके. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल यांची येथील वस्ती जुनी. नागली आणि वरई ही त्यांची पिके. या मुलखात शिवेवर वाघदेवाचा लाकडी खांब उभा केलेला आढळतो. त्यावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले असतात. आपली शीव कोठे संपते हे गावात लहानथोर सर्वांना ठाऊक. ती कागदावर उतरविण्याचे त्यांना कारणच पडले नव्हते.

ते कारण पडले सन १८७८ च्या वनकायद्याने. राखीव जंगल ठरविण्यापूर्वी जाहीरनामा लावावा आणि हक्क सांगणाऱ्यास निदान तीन महिन्यांची मुदत द्यावी, अशी त्यात तरतूद होती. ऐकावयास ती रास्तच वाटते. परंतु अक्षरशत्रू डोंगरात तो जाहीरनामा वाचणार कोण? मुदतीत न सांगितलेला हक्क सामान्यतः बुडाला. सरकारी नकाशावर रेघ ओढली गेली, आणि वाडवडिलांच्या शेतात नांगर धरणारा माणूस अतिक्रमणदार ठरला. सन १९२७ च्या कायद्याने हीच रीत पुढे चालविली.

हे चक्र फिरविले सन २००६ च्या वनहक्क कायद्याने. आदिवासींची १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनची वहिवाट, ४ हेक्टरांच्या मर्यादेत, त्याने मान्य केली. दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेकडे दिली. सामुदायिक हक्कासाठी पाणवठे, चराईची राने, परंपरागत सीमा यांचा नकाशा गावानेच करावयाचा. पुरावा म्हणून वृद्धांचा जबाब चालतो. जुनी विहीर, स्मशान, देवस्थान चालते. म्हणजे दप्तराने ज्याची कधी दखल घेतली नाही, तो वाघदेव आता साक्षीस उभा राहू शकतो! गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावास याच कायद्याने सन २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामुदायिक हक्क मिळाला.

नाशिककडे मात्र तक्रार राहिली, ती मापाची. कसावयाचे एकरांत आणि मंजूर व्हावयाचे गुंठ्यांत! कित्येक दावे तर फेटाळलेच गेले. ६ मार्च २०१८ रोजी हजारो शेतकरी, त्यांत आदिवासी पुष्कळ, नाशिकहून पायी निघाले. सुमारे १८० किलोमीटर चालून ते मुंबईच्या वेशीपाशी आले, तेव्हा शहरात शालान्त परीक्षा चालू होती. मुलांचा खोळंबा होऊ नये म्हणून शेवटची मजल त्यांनी रात्रीतून काटली आणि १२ तारखेच्या पहाटे आझाद मैदान गाठले. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकालात काढू, असे सरकारने लेखी दिले.

मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा मोर्चा निघाला. मागण्यांच्या यादीत वनजमिनी होत्याच.