दुखणं बोटांवर मोजून सांगा

आमच्या गटातल्या एका ताईंच्या जबड्याचं ऑपरेशन झालं. वर्षानुवर्षांच्या मिश्रीनं गाठ झाली होती. आम्ही भेटायला गेलो, तर ताई उशी घट्ट धरून बसलेल्या. नर्सला सांगितलंत का, असं विचारलं, तर मानेनंच नाही म्हणाल्या. ऑपरेशन म्हटल्यावर दुखणारच, असं त्यांनी धरून चाललं होतं. म्हणून आज या दुखण्यावरच्या उपायांचा इतिहास सांगतो.

१६ ऑक्टोबर १८४६. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात मॉर्टन नावाच्या दंतवैद्यानं एका तरुणाला ईथर हुंगवलं आणि सर्जन वॉरन यांनी त्याच्या जबड्याखालच्या गाठीवर ऑपरेशन केलं. भूल देण्याचा हा पहिला गाजलेला जाहीर प्रयोग. पण भूल उतरली की पुढचं दुखणं रोग्याच्याच वाट्याला यायचं.

१८५३ च्या सुमारास एडिंबरोचे डॉ. वूड यांनी पोकळ सुईतून मॉर्फिन द्यायला सुरुवात केली. मॉर्फिन अफूपासून काढतात. गोळी गिळता येत नसेल तिथे सुई कामी आली. मात्र सुईचा असर काही तासांनी ओसरतो आणि पुढची सुई मिळेपर्यंत कळ सोसावी लागते.

मग संपूर्ण शरीराऐवजी नेमकी जागाच बधिर करायची वाट सापडली. १८८४-८५ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. हॉल्स्टेड यांनी खालच्या जबड्याच्या मज्जातंतूजवळ कोकेनचं इंजेक्शन दिलं. जबडा बधिर झाला, पण स्वतःवर प्रयोग करता करता डॉक्टरांनाच कोकेनचं व्यसन जडलं. पुढे १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झालं. दात काढताना आजही बहुतेक तेच देतात. हे औषध झोप आणत नाही, पण काही तासांत उतरतं. म्हणून ते उतरायच्या आधीच गोळी किंवा पातळ औषध सुरू करणं चांगलं.

१९६० नंतरच्या दशकात बटणाचं यंत्र आलं. दुखलं की रोग्यानं स्वतः बटण दाबायचं, ठरलेली मात्रा शिरेतून जाते. जास्त जाऊ नये म्हणून यंत्राला मर्यादा घातलेली असते. बटण फक्त रोग्यानंच दाबायचं, सोबतच्या माणसानं नाही. या औषधानं मळमळ होते, शौचाला घट्ट होते.

आज डॉक्टर यातले दोन-तीन उपाय एकत्र वापरतात. त्यामुळे प्रत्येक औषध कमी लागतं. अल्सर, किडनीचा आजार, दमा किंवा गरोदरपण असेल तर आधीच सांगायचं, कारण काही गोळ्या तेव्हा चालत नाहीत.

आणि जबडा तारेनं बांधलेला असला तर बोलायचं कसं? बोटं दाखवायची. एकही बोट नाही म्हणजे दुखत नाही, दहा बोटं म्हणजे सहन होत नाही. आमच्या ताईंनी त्या दिवशी आठ बोटं दाखवली. नर्सबाईंनी डॉक्टरांना विचारून औषध दिलं आणि ताईंचा डोळा लागला.

तुमच्या गटात कुणाचं ऑपरेशन असेल, तर ही बोटांची खूण तिला आधीच शिकवून ठेवा.