परसातली खसखस

विहिरीवर मोट चालायची, त्या काळात आमच्या परसाला बारमाही पाणी होतं. केळी, जास्वंद, अडुळसा, अळू ही तिथली कायमची वस्ती. त्यांच्या आडोशाला आजी दिवाळीनंतर चिमूटभर खसखस फेकायची. माघात पांढरी फुलं यायची. दोन-तीन दिवसांत पाकळ्या गळायच्या अन् हिरवं बोंड राहायचं. सांजेला आजी बोंडांना बारीक चिरा द्यायची. रात्रभर चीक पाझरून सकाळी काळपट व्हायचा. तो खरवडून ती डबीत ठेवायची.

आजीचं माहेर इंदूरकडचं. होळकर-शिंद्यांच्या त्या माळव्यात अफू हे नगदी पीक. १८३० नंतर कंपनी सरकारनं पास काढले. पेटीमागं पैसे भरायचे अन् माल मुंबईला न्यायचा. तिथून तो जहाजानं चीनला. चीननं माल अडवला, तर १८३९ साली इंग्रजांनी लढाई केली. जमशेटजी जीजीभाईंनी चीनच्या याच व्यापारात पैसा मिळवला. त्यांच्या दानातून मुंबईत इस्पितळ झालं, ते १८४५ साली सुरू झालं. दान शाळेत शिकलो, माल कसला होता ते फार उशिरा कळलं.

आजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. खुरपायला जायचं तर तान्हं पोर निजलं पाहिजे, एवढंच तिला कळायचं. मोहरीएवढा कण दुधात. रोजानं जाणाऱ्या बाया तेच करायच्या. माझी धाकटी बहीण गव्हाच्या काढणीत अशीच निजली. दिवस मावळला तरी उठली नाही. घरात कुणी कुणाला बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी आजीनं सगळी झाडं मुळासकट उपटली अन् जाळली. डबी विहिरीत टाकली.

१९८५ च्या कायद्यानं विनापरवाना अफू लावली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. परवाने मध्य प्रदेश, राजस्थान अन् उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच मिळतात. ते देणाऱ्या खात्याचं मुख्य कार्यालय ग्वाल्हेरला, शिंद्यांच्याच गावी. त्याच चिकातून निघणारं मॉर्फिन कॅन्सरच्या रोग्याचं दुखणं हलकं करतं.

यंदा दिवाळीत सून अनारसे थापत होती. नातीनं विचारलं, "आबा, खसखस कुठं उगवते?" मी तिला परसात नेलं. तिथं आता जास्वंद आहे. तिला आधी फुलाचं सांगितलं, मग माझ्या बहिणीचं.